न्हाणीघराचं दार

तंजावूरच्या जुन्या गावाला चार राजवीदी आहेत. बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाचा रथ याच रस्त्यांवरून फिरतो. या रस्त्यांवर आणि त्यांना फुटलेल्या गल्ल्यांमध्ये अजून काही घरं अशी आहेत, की रस्त्यावर तमिळ ऐकत आत शिरावं आणि माजघरात मराठी कानावर पडावं. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास इथं राज्य मांडलं. कंपनी सरकारनं 1855 मध्ये ते संपवलं. राज्य गेलं, माणसं राहिली. त्यांची मुलं-नातवंडं आता चेन्नई, बंगळुरू, त्याही पलीकडे पांगली आहेत आणि मागं राहिलेल्या घरात बहुतेक ठिकाणी दोनच माणसं असतात, दोन्ही थकलेली.

या घरांची रस्त्याकडची दारं एकजात आत उघडतात. ती का आत उघडतात हे नीट पाहिलं, तर बांधणाऱ्यांच्या शहाणपणाबद्दल आदर वाटतो. दाराबाहेर दोन्ही अंगांना ओटा असतो, तमिळमध्ये त्याला तिण्णै म्हणतात. वाटसरूनं टेकावं, शेजाऱ्यानं गप्पा मारत बसावं, दुपारी कुणी आडवं व्हावं, अशी ती जागा. दार बाहेर उघडलं असतं तर रोज कुणाच्या तरी गुडघ्यावर आदळलं असतं. पहाटे दारापुढं सडा घालून कोलम, म्हणजे रांगोळी, काढतात. मार्गळी महिन्यात तर तो अर्धा रस्ता व्यापतो. बाहेर उघडणारी फळी त्याच्यावरूनच फिरली असती.

खरं कारण मात्र बंदोबस्ताचं. जुन्या फळ्यांना बिजागऱ्या नसत. फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचीच खुंटी राखलेली असते. खालची खुंटी उंबऱ्यामागच्या खळग्यात फिरते, वरची चौकटीच्या मागं ठोकलेल्या जाड पट्टीच्या भोकात. दोन्ही आतल्या अंगाला असल्यामुळे बाहेरच्या माणसाला त्या उचकटता येत नाहीत. रात्री दार लोटलं की भिंतीतल्या खोबणीतून अडसर ओढायचा. बाहेरून कितीही रेटा आला तरी फळ्या अडसरावर दाबल्या जातात आणि अडसर दोन्हीकडच्या भिंतींवर. दार घराच्या सगळ्या वजनानिशी बंद होतं. बाहेर उघडणाऱ्या दाराला हे साधत नाही. त्याच्या बिजागऱ्यांचे सांधे बाहेर उघडे पडतात आणि कुणी खिळा ठोकून काढला की फळी हातात येते.

म्हणून रस्त्याकडच्या दाराला हात लावू नये. मला बोलायचं आहे ते घरातल्या सगळ्यात लहान दाराबद्दल, न्हाणीघराच्या.

पूर्वी तंजावूरच्या घरात न्हाणी परसात असे, विहिरीला लागून. तिला दार असलंच तर नारळाच्या झापांचं, नाहीतर नुसता आडोसा. कुणी घसरून पडलं तर झाप बाजूला करून माणूस आत जाई. पुढं नळ आले, शौचालय घरात आलं, आणि पडवीचा कोपरा किंवा जिन्याखालची जागा भिंत घालून बंद केली गेली. तीन-साडेतीन फूट रुंद, पाच फूट लांब. तिला दार बसवायला जो सुतार आला त्यानं ते बाकीच्या खोल्यांसारखंच बसवलं, आत उघडणारं. ओली फळी आतच निथळावी, बाहेरच्या फरशीवर पाणी येऊ नये, हा त्यातला एक फायदा खरा आहे. बाकी सगळी सवय. महाराष्ट्रातल्या वाड्यांत, चाळींत आणि कालपरवा बांधलेल्या फ्लॅटमध्येही हेच झालं आहे.

आता त्या जागेचा हिशेब मांडून पाहा. दार सव्वादोन फुटांचं. ते पूर्ण उघडायला आत तेवढीच मोकळी फरशी लागते. पाच-साडेपाच फुटांचा माणूस आत चक्कर येऊन कोसळला, तर त्याला पडायला फरशी उरते ती तेवढीच, दार जिथून फिरतं ती. म्हणजे तो दाराला टेकूनच पडतो. बाहेरून दार ढकलावं तर ते त्याच्याच खांद्यावर, डोक्यावर रेटलं जातं. जितका जोर लावावा तितकी इजा अधिक.

माझ्या आत्याच्या घरात हेच घडलं. ती लग्न होऊन तंजावूरला गेली त्याला आता पन्नासाहून जास्त वर्षं झाली. आतोबा ऐंशीच्या पुढचे. पहाटे न्हाणीघरात गेले आणि पाय घसरून पडले. आतून कडी लावलेली नव्हती. आत्यानं दार ढकललं, ते चार बोटं सरकलं आणि अडलं. फटीतून तिला त्यांचा हात दिसत होता. शेजारचा मुलगा आला, कोपऱ्यावरचा रिक्षावाला आला, पण जोर लावायची कुणाची छाती होईना. शेवटी पहारीनं दाराचा वरचा भाग फोडला, रिक्षावाला त्यातून आत उतरला, त्यानं आतोबांना उचलून बाजूला घेतलं, मग दार उघडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, काही महिन्यांनी ते वॉकर धरून चालू लागले. आत्या अजून म्हणते, ‘‘दार बंद नव्हतं रे. उघडं होतं आणि तरी उघडत नव्हतं.’’

नवं दार बसवायला आसारी आला तेव्हा मी तिथं होतो. तमिळ मुलखात सुताराला आसारी म्हणतात. आत्या मोड्यावर बसून त्याच्याशी तमिळमध्ये आणि माझ्याशी मराठीत बोलत होती. दार उलट्या बाजूला उघडायचं म्हणजे बिजागऱ्या काढून पलीकडे लावायच्या, असं मला वाटलं होतं. आसारीनं आधी अवजाराला हातच लावला नाही. चौकटीपुढं उकिडवा बसून तो तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

चौकटीला आतल्या बाजूनं अर्धा इंच खोल खाच असते, फळीच्या जाडीएवढी रुंद. फळी त्या खाचेत येऊन टेकते, म्हणूनच दार पलीकडे जात नाही. खाच आतल्या अंगाला असेल तर दार आतच उघडणार. ते बाहेर उघडायचं तर एक मार्ग म्हणजे अख्खी चौकट काढून उलटी बसवायची. त्यात गिलावा फुटतो, टाइल्स निघतात, चार दिवस घरात धूळ. आसारीनं दुसरा मार्ग धरला. चौकट तशीच ठेवली. बाहेरच्या कडेपासून फळीची जाडी सोडून आत, चौकटीच्या तिन्ही बाजूंना सागवानी पट्टी ठोकली. आता फळी बाहेरून येऊन या पट्टीवर टेकणार. पण चौकटीचा बाहेरचा भाग खाचेपेक्षा दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच अरुंद असतो. म्हणून नवी फळी जुन्या मापाची चालत नाही, रुंदीत एक इंच आणि उंचीत अर्धा इंच कमी करावी लागते. भरीव फ्लश डोअर असेल तर कडा रंधून हे जमतं. पोकळ पीव्हीसीच्या दाराला तेवढी कड नसते, तिथं मागवतानाच माप सांगावं लागतं.

मग तो खाली वाकला आणि त्यानं एक गोष्ट दाखवली, जी माझ्या कधीच लक्षात आली नसती. न्हाणीघराची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा इंचभर खाली असते, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. आत उघडणारं दार त्या खोलगट फरशीवरून मजेत फिरतं. तेच दार बाहेर वळवलं की खालची कड बाहेरच्या उंच फरशीवर घासते. तेवढा इंच खालून काढायला हवा आणि फट राहते तिथं आतून रबराची पट्टी लावायला हवी. हे न पाहता दार वळवलं, तर ते पावसाळ्यात फुगून पहिल्याच आठवड्यात अडतं आणि घरचे लोक वैतागून पुन्हा होतं तसं करून घेतात.

जुन्या बिजागऱ्यांच्या खाचांत त्यानं सरस लावून लाकडाचे तुकडे ठोकले, रंधा मारून सपाट केले. पटाशीनं नव्या खाचा पाडल्या. तीन बिजागऱ्या, चार इंची, स्टेनलेस स्टीलच्या, कारण न्हाणीघरात लोखंडी स्क्रू गंजतात आणि गंजलेला स्क्रू नेमका वेळेवर निघत नाही. बिजागऱ्या कोणत्या हाताला ठेवायच्या यावर मात्र आत्या आणि आसारी यांच्यात बराच वेळ बोलणं झालं. आधी त्या उजवीकडे होत्या. तशाच ठेवल्या असत्या तर उघडलेलं दार दिव्याच्या बटणांवर आलं असतं आणि रात्री बटण शोधायला माणसाला दारामागं हात घालावा लागला असता. आत्याच्या हे लक्षात आलं. बिजागऱ्या डावीकडे गेल्या, दार आता उघडलं की भिंतीला चिकटून उभं राहतं आणि आतोबांच्या खोलीतून निघालेली वाट मोकळी राहते.

बाहेर आलेले बिजागऱ्यांचे सांधे रस्त्याकडच्या दाराला घातक, पण इथं तेच कामाचे. अडचणीच्या वेळी बाहेरून खिळा ठोकून काढला की अख्खी फळी निघते. आतली कडी आसारीनं काढून टाकली आणि तिच्या जागी असं लॅच बसवलं, की आतून बंद असलं तरी बाहेरून नाणं घालून फिरवता येतं. काम एका दिवसात झालं. एका माणसाची मजुरी, एक फळी, थोडं सामान.

एक अडचण राहिली, ती सांगायला हवी. बाहेर उघडणारं दार आत जाताना स्वतःकडे ओढावं लागतं आणि वॉकर धरलेल्या माणसाला दार ओढत मागं सरणं कठीण जातं. भिंतीला जागा असेल तर सरकतं दार सगळ्यात चांगलं. आत्याच्या घरी तेवढी भिंत नाही, म्हणून दार दिवसभर उघडंच ठेवतात आणि आतोबा आत गेले की आत्या ते लोटते.

जगात दाराच्या दिशेचा विचार झाला तो मोठ्या दुःखांतून. 16 जून 1883 रोजी इंग्लंडमधल्या संडरलँड गावी व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांचा खेळ होता. खेळ संपताना बक्षिसं वाटली जात आहेत हे कळून सज्जातली मुलं जिन्यानं खाली धावली. तळाचं दार मुलांच्या दिशेनं, म्हणजे आत उघडणारं होतं आणि एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून बोल्ट लावलेला होता. पुढची मुलं अडकली, मागची येत राहिली. 183 मुलं गुदमरून गेली. त्यानंतर रॉबर्ट ब्रिग्ज नावाच्या गृहस्थांनी असा बोल्ट तयार केला, की आतून नुसता अंगाचा दाब पडला तरी दार बाहेर उघडावं. आज सिनेमागृहांत आणि मॉलमध्ये दिसणारा आडवा दांडा त्याच वंशातला. 1903 मध्ये शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरच्या आगीत सहाशेहून अधिक लोक गेले, तिथंही काही दारं आत उघडणारी होती. 1942 मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह क्लबच्या आगीत 492 जण गेले. तिथंही फिरतं दार आणि आत उघडणारी दारं माणसांना बाहेर सोडेनात.

तंजावूरला अशा दुःखासाठी शिकागोकडे पाहावं लागत नाही. 7 जून 1997 रोजी बृहदीश्वराच्या देवळात कुंभाभिषेकाच्या तयारीत यागशाळेचा मांडव पेटला. आगीत आणि बाहेर पडण्याच्या चेंगराचेंगरीत चाळीसहून अधिक भाविक गेले. सहाच दिवसांनी दिल्लीत उपहार सिनेमा जळाला. 16 जुलै 2004 रोजी तंजावूर जिल्ह्यातच कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघरातली ठिणगी गवती छपराला लागली आणि 94 मुलं होरपळून गेली. वर वर्ग आणि उतरायला अरुंद जिना. या आगींत दोष एकट्या दाराचा नव्हता. पण जीव घेऊन निघालेल्या माणसाला वाट मिळाली पाहिजे, हा धडा तंजावूर जिल्ह्याला दोनदा मिळाला आहे.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत सार्वजनिक इमारतींसाठी तो नियम लिहिलेला आहे. बाहेर पडण्याची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत आणि उघडलेल्या दारानं जिन्याची किंवा जिन्यातल्या टप्प्याची वाट 900 मिलिमीटरहून अरुंद होता कामा नये. अपंगांच्या शौचालयांसाठी सरकारी मार्गदर्शक सूचनाही दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं असंच सांगतात. इंग्लंडमध्ये नव्या घरांच्या प्रवेशाच्या मजल्यावरच्या शौचालयालाही बाहेर उघडणाऱ्या दाराचा दंडक आहे. आपल्याकडे खासगी घराच्या न्हाणीघराबद्दल कुणी विचारत नाही. बिल्डर विचारत नाही, सुतार विचारत नाही, आणि घर घेणारा फरशीचा रंग निवडण्यात गुंतलेला असतो.

दार नेहमी बाहेरच उघडावं असा मात्र सरसकट नियम नाही, जागेनुसार कारण पाहावं लागतं. बर्फाच्या मुलखात बऱ्याच ठिकाणी घराचं दार आत उघडतं, कारण रात्रीतून उंबऱ्याशी बर्फ साचला तर बाहेर उघडणारं दार उघडणारच नाही. वादळांच्या फ्लोरिडात उलट, बाहेर उघडणारी दारं चांगली मानतात. वारा फळीला चौकटीवर आणखी घट्ट दाबतो, तर आत उघडणाऱ्या दाराचा सगळा भार कडीवर आणि बिजागऱ्यांवर येतो. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे गज चक्रीवादळानं तंजावूर जिल्ह्यातल्या पट्टुकोट्टै, पेरावुरणी, ओरतनाडू भागातल्या नारळाच्या बागा आडव्या केल्या. त्या पट्ट्यात नवं घर बांधणाऱ्यानं मागच्या दाराबद्दल हा विचार जरूर करावा.

दाराचा विषय काढला की वास्तूचा प्रश्न येतोच. मयमत या दक्षिणेतल्या जुन्या वास्तुग्रंथात दारांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि तमिळ घरांत मुख्य दाराची चौकट उभी करणं हा मुहूर्त पाहून, हळदकुंकू लावून, आंब्याची डहाळी बांधून करायचा विधी आहे. आपल्याकडेही उंबऱ्याची पूजा होतेच. आत्याच्या घरीही एका नातेवाइकानं विचारलं, की दार फिरवलं तर लक्ष्मी बाहेर जाणार नाही का. आत्यानं सांगितलं, मुख्य दार जिथल्या तिथं आहे, ते आतच उघडतं, आणि न्हाणीघरात लक्ष्मी राहत नाही, तिथं म्हातारा नवरा जातो. मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचत नाही.

दुसरी अडचण लाजेची, आणि ती मी मोडीत काढणार नाही. आपल्या पिढ्या आतून कडी लावायला शिकलेल्या आहेत. सुनेसमोर, जावयासमोर, कामाच्या बाईसमोर न्हाणीघराचं दार नुसतं लोटून ठेवणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. त्याला ‘कडी लावू नका’ असं दहादा सांगून उपयोग नाही, तो लावणारच. बाहेरून उघडता येणारं लॅच त्याचा मान राखतं. आतून बंद केल्याचा त्याचा विश्वास कायम राहतो आणि वेळ आली तर आपल्याला आत जाता येतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि सर्वाधिक बळी साठीच्या पुढचे असतात. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची माणसं शंभरात साडेआठांच्या आसपास होती, तमिळनाडूत दहाहून अधिक, महाराष्ट्रातही दहाच्या जवळ. तेव्हापासून हा आकडा वाढतच गेला आहे. या सगळ्यांच्या घरात ओल्या फरशीची एक लहान खोली आहे.

खुब्याचं हाड मोडलेल्या माणसाला वेळेत उचलणं फार मोलाचं असतं. ओल्या फरशीवर तासभर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या शरीराला थंडी भरते, रक्तदाब उतरतो, भीतीनं मन खचतं. फुटलेलं दार दुसरं आणता येतं, पण तो तास परत मिळत नाही. हाताशी पकडायला दांडा, घसरणार नाही अशी फरशी, रात्रभर जळणारा लहान दिवा, हे सगळं पडू नये म्हणून. दार बाहेर उघडणं हे पडल्यानंतरसाठी, आणि नेमकं तेच आपण विसरतो, कारण घरचं माणूस पडेल हा विचारच मनाला नको असतो.

या दिवाळीत आई-वडिलांच्या घरी जाल तेव्हा न्हाणीघराच्या दारापुढं एकदा उभे राहा. ते कुठल्या बाजूला उघडतं ते पाहा. आतली आणि बाहेरची फरशी किती खाली-वर आहे, बाहेर दारामागं बटणं येतात का, समोरच्या खोलीचं दार त्यावर आदळतं का, हे बघून मापं लिहून घ्या. चौकट दगडी किंवा ग्रॅनाईटची असेल तर तिला पट्टी ठोकता येत नाही, तिथं सरकतं किंवा घडीचं दार लावून घ्या. आणि सुट्टी संपून निघायच्या आत सुताराला बोलवा, कारण हे काम फोनवरून होत नाही आणि पुढच्या खेपेवर टाकण्यासारखंही नाही.